कोजागिरीला गच्चीवर पिक्चर दाखवायचाय: चेहरे हिरवे, काळं राखाडी आणि स्कोअर गायब

तिसरा_मजला | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, कोजागिरीला दोन आठवडे राहिलेत आणि आज गच्चीवर घेतलेली रंगीत तालीम सपशेल आपटली. रंगीत म्हणजे हिरवी.

पार्ले पूर्वेतली आमची चार मजली जुनी सोसायटी. खजिनदारांच्या ऑफिसने गाशा गुंडाळला तेव्हा तिथला प्रोजेक्टर त्यांनी सोसायटीसाठी मागून आणला. फुल एचडी, डीएलपी (आत बारीक आरसे असतात तो प्रकार), खोक्यावर ३००० ल्युमेन्स (उजेडाचं माप), दिव्याचे १९०० तास झालेले. एचडीएमआयचं भोक एकच. बेत असा की संध्याकाळी मॅच, मग मसाला दूध, मग मुलांसाठी पिक्चर. मॅचसाठी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या सेट टॉप बॉक्समधून १५ मीटरची केबल वर ओढली आहे. पिक्चर माझ्या लॅपटॉपवरून, तो प्रोजेक्टरशेजारीच.

आता रडगाणं. सगळ्यांचे चेहरे काविळीतून उठल्यासारखे. लॅपटॉपवरून पिक्चर लावला तर काळा कोट राखाडी, जणू धुक्यात शूटिंग केलंय. ब्राइटनेस उतरवून ते जमवलं, तर सेट टॉप बॉक्स लावल्यावर खेळाडूंच्या केसांच्या जागी नुसते काळे डाग. एकाला औषध दिलं की दुसऱ्याला जुलाब. स्कोअरची पट्टी खालून अर्धी कापलेली, त्यामुळे ओव्हर कितवी चाललीय ते काकूंना खिडकीतून ओरडून विचारावं लागत होतं. आणि मॅच बघताना मधूनच दोन-तीन सेकंद चित्र जातं, निळा पडदा येतो, मग आपोआप परत.

आज सर्वपित्री अमावास्येचा गुडुप्प अंधार असून हे हाल. पौर्णिमेला चंद्र डोक्यावर आला की काय दिसणार? दूध पिऊन सरळ घरी जायचं का?

साडेबाराची_लोकल | शनिवार, रात्री ११:५९

ऑफिसचे प्रोजेक्टर पॉवरपॉइंटसाठी असतात हो. भंगारात काढा. ऑनलाइन सात-आठ हजारांत नवा फोरकेवाला मिळतो, वर पाच हजार ल्युमेन्स.

कंदिलवाला | रविवार, सकाळी ७:१५

साडेबारा, त्या जाहिरातीत 'फोरके सपोर्टेड' असतं, 'नेटिव्ह' नसतं. म्हणजे फोरकेचा सिग्नल घेतो आणि आतल्या ७२०च्या पॅनेलवर कोंबतो. ल्युमेन्ससुद्धा अँसी (प्रमाण पद्धतीने पडद्यावर मोजलेले) आहेत की नुसत्या एलईडीचे, ते बघा. नुसता आकडा कुणीही छापतो. यांच्याकडचा दिव्याचा प्रोजेक्टर त्यापेक्षा कैक पटींनी बरा आहे.

तिसरा मजला, मी वीस वर्षं हॉलमध्ये आणि सेमिनारना प्रोजेक्टर लावून दिलेत. मेनूला हात लावायच्या आधी एवढं सांगा: प्रोजेक्टर कशावर ठेवला होता? पडदा कशाचा? पिक्चर मोड कुठला? कीस्टोनचा आकडा किती? चित्र किती इंची?

तिसरा_मजला | रविवार, सकाळी ९:४०

चहाच्या टीपॉयवर ठेवला. पुढे बसलेल्यांची डोकी आडवी येऊ नयेत म्हणून पुढचे पाय पूर्ण बाहेर काढले, शिवाय खाली कॅरमच्या पावडरचा डबा. कीस्टोन २८. मोड 'ब्राइट', कारण गच्ची आहे. चित्र कर्णात १२० इंच.

पडद्याचं सांगायला लाज वाटते. मागच्या वर्षीचा एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, उलटा करून. मागची बाजू पांढरीशुभ्र आहे. पण पिक्चरमध्ये आकाशाबिकाशाचा उजळ प्रसंग आला की मागून जोडलेले हात दिसतात.

पाव_किलो_शेव | रविवार, सकाळी ९:४८

जोडलेले हात दिसतात =)) =))
साहेब मेले तरी मतदाराला सोडणार नाहीत.

तिसरा_मजला | रविवार, सकाळी ९:५०

साहेब ठणठणीत आहेत. यंदाचाही फ्लेक्स लागलाय.

कंदिलवाला | रविवार, सकाळी १०:३०

फ्लेक्स चालेल, पण पाठीमागे काळं कापड शिवा, नाहीतर उजेड आरपार जातो. चकाकत असेल तर मधोमध पांढरा डाग दिसेल. तसं झालं तर जाड मांजरपाटाची चादर दुहेरी करून ताणून बांधा, खालच्या कडेला पाइप घाला. सैल चादर वाऱ्यावर हलली की फोकस गेल्यासारखं वाटतं आणि लोक उगाच लेन्स फिरवत बसतात.

आता कीस्टोन. ही सगळ्यात मोठी खोड. प्रोजेक्टर तिरका ठेवलात की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. कीस्टोन ते डिजिटल कात्रीने कापून चौकोनी करतं. म्हणजे पॅनेलवरचे ठिपके वाया जातात, उरलेल्यांत चित्र दाबून बसवलं जातं आणि अक्षरं पुसट होतात. काळोखात नीट बघा, चित्राच्या बाहेर फिकट राखाडी पट्टा दिसेल. तो म्हणजे तुमचे वाया गेलेले ठिपके.

बहुतेक ऑफिस-प्रोजेक्टर सपाट ठेवले तरी चित्र वरच्या दिशेने टाकतात. टेबलावर ठेवून भिंतीवर दिसावं म्हणून लेन्सच तशी बसवलेली असते. तेव्हा टीपॉय हटवा, उंच टेबल आणा. चित्राची खालची कड आणि लेन्स साधारण एका उंचीवर आणा, पाय पूर्ण आत, पडद्याशी काटकोन, कीस्टोन शून्य. मग चौकोन आपोआप बसतो. १२० इंची चित्र २.६६ मीटर रुंद असतं. तुमच्या मॉडेलचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर चार मीटरवर प्रोजेक्टर. लोकांना त्याच्या दोन्ही बाजूंना बसवा, मध्ये गल्ली सोडा. डोक्यांचा प्रश्न खुर्च्यांनी सोडवायचा, कॅरमच्या डब्याने नाही.

जिरेमिरी | रविवार, दुपारी १:०५

कंदिलवालांना +१. मी एडिटिंगमध्ये आहे, रंगांचं मी सांगते.

'ब्राइट' मोड पहिला बंद. या दिव्यांच्या उजेडात मुळातच हिरवा भाग जास्त असतो. ब्राइट मोडमध्ये प्रोजेक्टर तो आवरायचं सोडून देतो, कारण ल्युमेन्सचा मोठा आकडा त्यातूनच येतो. शिवाय ऑफिसच्या डीएलपीत रंगांच्या चाकावर लाल-हिरव्या-निळ्यासोबत एक बिनरंगी पाकळी असते. एक्सेलच्या तक्त्याला ती झकास, माणसाच्या कातडीला भयाण. पांढरं लखलखतं आणि त्याच्यापुढे रंग मळके वाटतात. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा, कलर टेंपरेचर 'वॉर्म' किंवा ६५०० असेल ते. पहिली पाच मिनिटं पिवळट वाटेल आणि सोसायटीतलं कुणीतरी 'आधीचंच बरं होतं' म्हणेल. त्यांना दूध द्या.

आता धुकं. तुमच्या बोलण्यातच उत्तर आहे: लॅपटॉपला एक दुखणं, बॉक्सला दुसरं. म्हणजे ब्राइटनेसचा दोषच नाही, सिग्नलची रेंज जुळत नाहीये. व्हिडिओच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या जगात काळा ०, पांढरा २५५. एचडीएमआयवर १०८०चा सिग्नल जातोय म्हटल्यावर पुष्कळ लॅपटॉप 'समोर टीव्ही आहे' असं धरून १६ ते २३५ पाठवतात. तुमचा प्रोजेक्टर मात्र ऑफिसातून आलेला, त्याच्या मेनूत कुणीतरी रेंज 'फुल' करून ठेवली असणार. त्याच्या लेखी १६ म्हणजे काळा नव्हे, गडद राखाडी. तोच तुमचा कोट. बॉक्सच्या सिग्नलमधलं रंगांचं कोडिंग वेगळं असतं आणि तो प्रोजेक्टर बहुधा आपणहून लिमिटेडच धरतो, म्हणून बॉक्सचा काळा मुळात ठीक होता.

इलाज: ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलात आउटपुट डायनॅमिक रेंज असते (इंटेलमध्ये क्वांटायझेशन रेंज म्हणतात). तिथे आणि प्रोजेक्टरच्या एचडीएमआय रेंजमध्ये एकच गोष्ट हवी. सेट टॉप बॉक्स सहसा लिमिटेडच पाठवतो आणि तुमचं भोक एकच आहे, म्हणून दोन्हीकडे लिमिटेड ठेवा. 'ऑटो' असेल तर आधी ते करून बघा, पण विश्वास ठेवू नका. आणि त्याआधी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट रीसेट करा. रोग्याला आधीच्या डॉक्टरची औषधं चालू असताना तपासत नाहीत.

उंबरठा | रविवार, दुपारी ४:२०

तांत्रिक काही कळत नाही, पण राहवलं नाही. आमच्या गिरगावच्या चाळीत गणपतीत १६ मिलिमीटरचं मशीन यायचं. दोन चाळींच्या मध्ये पांढरी चादर. पुढे मोठी माणसं बसायची, आम्ही पोरं चादरीच्या मागे. मागून सगळं उलटं: नायक डावखुरा, पाट्या आरशातल्यासारख्या. मी नावं उलटी वाचायला तिथेच शिकलो. आपल्याकडे पहिला खेळ ७ जुलै १८९६ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला, तेव्हा कीस्टोन कुणी लावला होता देव जाणे.

चंद्राची काळजी करू नका. आमच्याकडे चांदण्यात व्यवस्थित दिसायचं.

तिसरा_मजला | रविवार, दुपारी ४:४५

उंबरठा काका, गंमत म्हणजे आमच्याही चादरीच्या मागे पोरं जाऊन बसतील. पण चंद्राचं खरंच चालेल का? समितीत दोन गट पडलेत.

कंदिलवाला | रविवार, रात्री ९:१०

हिशोब मांडू. चित्र २.६६ गुणिले १.४९, म्हणजे चार चौरस मीटर. ३००० ल्युमेन्स विसरा. सिनेमा मोड आणि वापरलेला दिवा, १२०० धरा. चार चौरस मीटरवर १२०० म्हणजे ३०० लक्स (पडद्यावर पडणारा उजेड). त्याला पायने (३.१४ने) भागा, साध्या पांढऱ्या पडद्यावरून डोळ्याकडे येणारा उजेड ९५ निट्स. थिएटरचं प्रमाण ४८ निट्सचं आहे. म्हणजे तुमच्याकडे उजेड दुप्पट आहे.

पौर्णिमेचं चांदणं पडतं पाव लक्सच्या आसपास. तीनशेपुढे पाव! आकाशातल्या चंद्राला घाबरू नका. जिन्याच्या दारावर ट्यूबलाइट आहे? शेजारी टॉवर? पडद्यावर वीस लक्स जरी बाहेरचे पडले तरी तुमचा काळा वीस आणि पांढरा तीनशेवीस. सोळास एक. मग जगातला कुठलाही ब्राइटनेस काळ्याला काळा करणार नाही, कारण प्रोजेक्टरला काळा उजेड फेकता येत नाही.

पाव_किलो_शेव | रविवार, रात्री ९:१४

'काळा उजेड फेकता येत नाही' हे लोकलच्या डब्यात चिकटवायला हवं.

तिसरा_मजला | रविवार, रात्री ९:३०

ट्यूबलाइट आहे, पडद्यासमोरच. टॉवरचा फ्लडलाइटही आहे. तालमीला दोन्ही चालू होते _/\_

साडेबाराची_लोकल | रविवार, रात्री ९:४२

ते चित्र जाण्याचं राहिलंच की. रिफ्रेश रेट ६० असेल, ५० करा. केबलवरचा भार कमी होईल.

कंदिलवाला | रविवार, रात्री १०:०५

नाही होणार. १०८०पी पन्नासला आणि साठला पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवायचा वेग) एकच, १४८.५ मेगाहर्ट्झ. पन्नासमध्ये ओळीच्या टोकाला रिकामी जागा जास्त ठेवलेली असते, बाकी वेग तोच. १०८०आय (एका वेळी एकाआड एक ओळी) किंवा ७२०पी (मुळात ओळीच कमी) केलंत तर मात्र ७४.२५, बरोबर निम्मा. पंधरा मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलला तो फरक कळतो.

पन्नासचा सल्ला मात्र दुसऱ्या कारणासाठी योग्य आहे. आपलं टीव्ही प्रसारण पन्नासचं. बॉक्स साठवर असेल तर कॅमेरा चेंडूमागे धावताना चित्र अडखळतं. म्हणून बॉक्सला १०८०आय, ५०.

पण तिसरा मजला, आधी एक काम करा. लॅपटॉपवर चित्र जातं का? आणि जातं त्या वेळा घड्याळ लावून लिहून ठेवा.

तिसरा_मजला | बुधवार, रात्री ११:३०

दुसरी तालीम झाली. शेजारच्या मैदानात गरबा, वर दर काही मिनिटांनी विमान (पार्ल्यात राहायचं म्हणजे हे आलंच), त्यामुळे आवाजाचं विचारू नका.

पण चित्र! उंच टेबल म्हणून इस्त्रीवाल्याचं जुनं टेबल मिळालं. कीस्टोन शून्य केल्यावर लॅपटॉपवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली, आणि तो राखाडी पट्टा खरंच होता, खरंच गेला. सिनेमा मोड लावल्यावर अपेक्षेप्रमाणे सेक्रेटरी 'आधीचंच बरं होतं' म्हणाले. दूध नव्हतं, चहा दिला. रेंज दोन्हीकडे लिमिटेड केली मात्र, कोट काळा! नुसता काळा नाही, त्यावरचं काळं बटण वेगळं दिसलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, बटणाला.

लॅपटॉपवर चित्र एकदाही गेलं नाही. बॉक्सवर गेलं. भाचीने वहीत वेळा लिहिल्या: ९:०४, ९:११, ९:१२, ९:२६, ९:२७, ९:४०. यातून काय कळतं?

जिरेमिरी | गुरुवार, सकाळी ८:५०

जोड्या दिसतायत. ९:११-९:१२, ९:२६-९:२७. काहीतरी चालू होतंय, मग परत चालू होतंय. केबल कुठून नेलीय?

तिसरा_मजला | गुरुवार, सकाळी ९:०५

काकूंच्या खिडकीतून वर, मग लिफ्टच्या मशीन रूमच्या भिंतीला

अरे देवा.

कंदिलवाला | गुरुवार, सकाळी ९:२०

:)

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री १०:५५

वॉचमनना लिफ्टमधून आठ वेळा खालीवर पाठवलं. आठापैकी सहा वेळा चित्र गेलं. लिफ्ट निघताना खट्ट होतं, त्याच क्षणी निळा पडदा. केबल मशीन रूमच्या वायरीसोबत त्याच पट्टीत बांधली होती, आणि बांधणारा मीच.

आता केबल पलीकडच्या कठड्यावरून घेतली आणि बॉक्स १०८०आय, ५० केला. पुन्हा आठ फेऱ्या, एकदाही नाही गेलं. वॉचमन म्हणाले, 'साहेब, आता जिन्याने जातो.'

कंदिलवाला | शुक्रवार, सकाळी ७:३०

उत्तम. केबल मुळातच काठावर पास होत होती, मोटर सुरू होतानाचा झटका बसला की नापास. सिग्नल तुटला की दोन्ही टोकांना पुन्हा ओळखपाळख करावी लागते, तेच तुमचे दोन-तीन सेकंद. कायमचा उपाय हवा असेल तर लॅमिंग्टन रोडवरून ऑप्टिकल एचडीएमआय (तांब्याऐवजी प्रकाशतंतूंची केबल) आणा, पण तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक बॉक्सकडे. उलटी लावून 'केबल खराब निघाली' म्हणत परत करायला आलेली माणसं मी बघितली आहेत.

तिसरा_मजला | शुक्रवार, सकाळी ९:००

स्कोअरची पट्टी अजून अर्धीच आहे.

जिरेमिरी | शुक्रवार, सकाळी ९:१०

ओव्हरस्कॅन. डिस्प्ले मेनूत असेल, शून्य करा. ट्यूबवाल्या टीव्हीच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून बाहेर सांडायची पद्धत होती, ती अजून चिकटून आहे. एचडीएमआयवर तिचं काही काम नाही. अॅस्पेक्ट १६:९ किंवा 'नेटिव्ह' ठेवा.

आता शेवटची सफाई. बाहेरचे दिवे बंद करून, रात्रीच. ब्राइटनेस हे नाव फसवं आहे, तो काळ्याचा खटका. काळ्या केसांचा प्रसंग थांबवून ठेवा, केस एकसंध काळे होईपर्यंत खाली उतरा, मग एक-दोन खटके वर, बटा नुकत्या सुट्या दिसेपर्यंत. कॉन्ट्रास्ट पांढऱ्याचा: पांढऱ्या शर्टाची घडी पुसली जाईपर्यंत वर, मग घडी परत दिसेपर्यंत खाली. शार्पनेस जवळजवळ शून्याकडे. अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल तर ती शार्पनेसने काढलेली रांगोळी आहे. प्रोजेक्टर स्वीकारत असेल तर पिक्चरसाठी लॅपटॉप २४ हर्ट्झवर लावा. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो, साठवर एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं, म्हणून कॅमेरा सरकला की चाल लंगडी होते.

स्पीकर ब्लूटूथ असेल तर ओठ आधी, शब्द मागून. वायर लावा.

तिसरा_मजला | कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:१०

झालं! साठेक माणसं होती. ट्यूबलाइट काढूनच ठेवली. टॉवरच्या सेक्रेटरींना दूध प्यायला बोलावून फ्लडलाइट दोन तास बंद करवला. चंद्र चांगला वर आला होता आणि पडद्यावर त्याची काडीमात्र ओळख नव्हती. स्कोअर पूर्ण दिसला, काकू खिडकी सोडून वर आल्या. फ्लेक्सला मागून काळं कापड शिवलं, त्यामुळे जोडलेले हात या वेळी मतदारांना भेटले नाहीत. पिक्चर दहाच्या आत संपवला, कारण दहानंतर स्पीकर म्हणजे पोलीस.

एकच घोळ. पिक्चर संपल्या संपल्या कुणीतरी उत्साहाने गच्चीचा मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, दिवा गरमच. बिघडला असेल का?

कंदिलवाला | दुपारी १२:४०

एकदा झालं तर बहुतेक वाचतो. त्यानंतर तासभर तसाच थंड होऊ दिला असेल तर आज संध्याकाळी लावून बघा. फटफट आवाज किंवा चित्रात लुकलुक नसेल तर सोडून द्या. यापुढे रिमोटने बंद करायचा, पंखा थांबेपर्यंत प्लगला हात नाही. आणि खोक्यात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका, मुंबईची दमट हवा लेन्सला बुरशी आणते.

तिसरा_मजला | संध्याकाळी ७:५५

लागला! लुकलुक नाही. सगळे आकडे कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेत. खाली भाचीने लिहिलंय: 'केबल लिफ्टपासून लांब. मामाला बांधू देऊ नये.'

पाव_किलो_शेव | संध्याकाळी ७:५८

वाचनखूण साठवली आहे. दुधात चारोळी होती का?